धुराचं नवं-जुनं

काही बातम्या वाचल्यावर बरं वाटतं, आणि का बरं वाटलं हे आपण तपासत नाही. ‘कार्बन डायऑक्साइडपासून इंधन’ ही तशातलीच एक. दर काही महिन्यांनी ती फोनवर येते. काचेचं भांडं, त्यात धातूचा पत्रा, बुडबुडे, मागे पांढऱ्या कोटातलं कुणीतरी. जो वायू पृथ्वी तापवतोय त्याचंच पुन्हा मिथेन, अल्कोहोल, पेट्रोल. राखेतून लाकूड. वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्या रीलकडे वळतो.

मी गेली काही वर्षं याच विषयात काम करते, म्हणून आधीच सांगते की बातमी खोटी नसते. कार्बन डायऑक्साइडचं विजेच्या मदतीने इंधन होतं. मी ते होताना रोज बघते. माझा प्रश्न त्या सुटकेच्या श्वासाबद्दल आहे. तो कुणी टाकला, कशाच्या जोरावर टाकला आणि तो टाकायचा त्याला अधिकार होता का? थोडक्यात विचारायचं तर, एखादं नुकसान उद्या भरून काढता येईल असं दिसायला लागलं, म्हणून आज ते नुकसान करणं कमी चुकीचं ठरतं का?

हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. पण रसायनशास्त्र समजून घेतल्याशिवाय त्याचं धड उत्तरही देता येत नाही. म्हणून आधी थोडं तांब्याबद्दल.

तांबं काय करतं

शाळेत पाण्याचं विद्युत अपघटन केलेलं आठवत असेल. पाण्यात दोन कांड्या, त्यांना बॅटरी. एका कांडीवर हायड्रोजनचे बुडबुडे, दुसरीवर ऑक्सिजनचे. आता त्यात थोडा फरक करा. पाण्यात पोटॅशियम बायकार्बोनेट घाला, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याचा सख्खा चुलतभाऊ. त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडत राहा. ऋण कांडीच्या जागी एखाद्या धातूचा पत्रा लावा आणि वीज सुरू करा. आता पत्र्यावर आलेल्या इलेक्ट्रॉनांपुढे दोन वाटा असतात. पाण्याला भेटले तर हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइडला भेटले तर दुसरंच काहीतरी. कोणती वाट धरायची हे बऱ्याच अंशी धातू ठरवतो.

जपानमधल्या चिबा विद्यापीठातले योशिओ होरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये हे पद्धतशीर करून दाखवलं. धातू बदलत गेले आणि काय मिळतं ते मोजत गेले. शिसं, कथील, इंडियम, कॅडमियम यांच्यावर फॉर्मेट मिळतं, म्हणजे मुंगीच्या चाव्यात असतं त्या आम्लाचं रूप. सोनं आणि चांदी कार्बन मोनॉक्साइड देतात. निकेल, लोखंड, प्लॅटिनम कार्बनला फारशी दादच देत नाहीत, त्यांच्यावर मुख्यतः हायड्रोजनच निघतो. आणि तांब्यावर मिथेन मिळाला. पुढे इथिलीन, इथेनॉल. म्हणजे खरीखुरी इंधनं. शुद्ध धातूंमध्ये हे लक्षणीय प्रमाणात करणारं तांबं एकटंच आहे आणि चाळीस वर्षांनंतरही त्याला तोडीस तोड दुसरा धातू सापडलेला नाही.

कारण साधं आहे. कार्बन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन निघाला की पत्र्यावर कार्बन मोनॉक्साइड बसतो. सोनं-चांदी त्याला लगेच सोडून देतात, त्यामुळे गोष्ट तिथेच संपते. प्लॅटिनम, निकेल त्याला इतकं घट्ट धरतात की तो जागा अडवून बसतो. तांब्याची पकड मधली. धरतं, पण पुढे सरकू देतं. चांगल्या उत्प्रेरकाची पकड अशीच असावी लागते, हा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने ओळखला जातो.

पण याच मोकळेपणामुळे तांबं एका गोष्टीवर थांबत नाही. कार्बन मोनॉक्साइडला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, मिथेनला आठ लागतात, इथिलीनला बारा. वाटेत ठिकठिकाणी फाटे. स्टॅनफर्डमधल्या गटाने २०१२ मध्ये बारकाईने मोजलं तेव्हा तांब्याच्या एका पत्र्यावरून सोळा वेगवेगळे पदार्थ निघताना दिसले. सोळा पदार्थांची मिसळ वेगळी करायची तर पुन्हा ऊर्जा. त्यात पाण्यातल्या इतर धातूंचे सूक्ष्म अंश पत्र्यावर बसतात आणि त्याचा गुण मारतात. शिवाय अभिक्रियेत तयार होणारा अल्क उरलेला कार्बन डायऑक्साइड गिळून त्याचं कार्बोनेट करतो. इथिलीन बनवताना हिशेब असा बसतो की आत सोडलेल्या चार रेणूंपैकी तीन या कार्बोनेटच्या नादी लागू शकतात आणि एकच कामी येतो. ते तीन सोडवून परत आणायचे तर त्याचीही वेगळी वीज.

हे सगळं असूनही काम सुंदर आहे. गॅस क्रोमॅटोग्राफच्या पडद्यावर ठरलेल्या मिनिटाला इथिलीनची छोटी टेकडी उगवते तेव्हा मला अजूनही आनंद होतो. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे म्हणायचं आहे ते या विषयावर रुसून बसलेल्या माणसाचं म्हणणं नाही.

विजेचं बिल

कार्बन डायऑक्साइड म्हणजे पूर्ण जळून गेलेला कार्बन. त्यातून मिळायची ती ऊर्जा आपण आधीच घेऊन बसलोय. त्याला पुन्हा जळण्यालायक करायचं तर किमान तेवढी ऊर्जा परत घालावी लागते, आणि प्रत्यक्षात तेवढ्यावर कधीच भागत नाही. याला पळवाट नाही. कुठलाही उत्प्रेरक, कितीही हुशार असला तरी, हा नियम मोडू शकत नाही. वाटेतली उधळपट्टी तेवढी तो कमी करतो.

आपल्या ओळखीच्या आकड्यांत बघू. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. आता त्या वायूपासून पुन्हा लिटरभर पेट्रोल करायचं आणि सगळी साखळी निम्म्या कार्यक्षमतेने चालते असं धरायचं, जे आजच्या घडीला उदार मनाने धरणं आहे, तर १८ युनिट वीज लागेल.

ती वीज कुठली? भारतात आज चारपैकी जवळपास तीन युनिटं कोळशाची असतात. ग्रिडमधल्या सरासरी एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे १८ युनिटांमागे साडेबारा किलो. २.३ किलो धूर उचलायला साडेबारा किलो नवा धूर. दारातला केर काढायला अख्खं अंगण उकरून ठेवण्यातला प्रकार.

सौर वीज वापरू, असं कुणीही म्हणेल. बरोबर आहे, वापरायचीच तर तीच. पण मग आणखी एक हिशेब समोर येतो. तीच १८ युनिटं इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये घातली तर ती ५०० किलोमीटरच्या आसपास पळते. त्यांचं लिटरभर पेट्रोल करून साध्या स्कूटरमध्ये ओतलं तर ४५-५० किलोमीटर. आणि तीच १८ युनिटं सरळ ग्रिडला दिली, तेवढा कोळसा कमी जाळला, तर साडेबारा किलोच्या घरात धूर वाचतो, २.३ नव्हे. दुपारी सौर वीज उरते, घ्यायला कुणी नसतं, अशी वेळ काही ठिकाणी येते. तेव्हा गणित बदलतं हे खरं. पण लाखो रुपयांचं यंत्र दुपारचे तीन तास चालवून उरलेला दिवस बंद ठेवायला कुठला मालक तयार होईल?

इथे नीतीचा पहिला प्रश्न दाराशी येतो. स्वच्छ वीज आज मुबलक नाही. जी गोष्ट थोडी आहे ती कुणाला द्यायची, हा न्यायाचा प्रश्न असतो. दुष्काळात टँकर कुठल्या वस्तीवर आधी जावा, यासारखा.

काही ठिकाणी या तंत्राला पर्याय नाही, हेही मान्य करायला हवं. एक किलो विमानाच्या इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा मावते, एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिटच्या आसपास. लांबचं विमान बॅटरीवर उडवणं म्हणूनच अवघड. मंगळावर तर दुसरं काही नव्हतंच. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या छोट्या यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून विजेने एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. तिथे कुणी विचारणार नाही की हीच वीज दुसरीकडे का नाही वापरली. पृथ्वीवर मात्र हे विचारावंच लागतं. विमानासाठी धुराचं इंधन करायचं, ठीक. पण आमच्या गावातल्या बहुतेक माणसांनी विमान खालूनच पाहिलंय. त्यांच्या घरातला पंखा कोळशावर फिरत असताना, मोजकी स्वच्छ वीज उडणाऱ्यांचा धूर धुण्यासाठी वळवायची असेल, तर निदान ते ठरवताना पंख्याखालच्या माणसाला विचारायला हवं.

मामांनी दिलेला शब्द

माझे मामा सांगली जिल्ह्यात ऊस करतात. मी नेमकं काय करते हे एका सुट्टीत त्यांना समजावून सांगत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे गाडीतनं निघतोय त्या धुराचं परत पेट्रोल?”

“हो. तत्त्वतः होतं.”

“आन् ते पेट्रोल जाळलं की?”

“परत धूर.”

मामा हसले. “अगं पोरी, मग हे तर नवं-जुनं झालं की.”

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. गावातल्या विकास सोसायटीकडून शेतकरी पीककर्ज घेतो. मार्चअखेर ते फेडायचं असतं, नाहीतर थकबाकीत नाव जातं आणि व्याजाची सवलतही जाते. हातात पैसा नसतो. मग कुणाकडून तरी चार दिवसांसाठी उसने घ्यायचे, सोसायटीत भरायचे, जुनं कर्ज कागदावर फिटलं की लगेच नवं उचलायचं आणि उसने परत करायचे. याला म्हणतात नवं-जुनं करणं. वहीत कर्ज फिटल्याची नोंद होते. शेतकरी नियमित ठरतो. मुद्दल मात्र जिथल्या तिथे.

मी या विषयावरचे बरेच लेख वाचलेत. मामांच्या या एका शब्दाइतकं नेमकं वर्णन कुठे वाचलेलं नाही. धुराचं इंधन आणि इंधनाचा धूर यात हवेतला कार्बन कमी होत नाही, फार तर वाढायचा थांबतो. उद्योगाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. हवाईमधल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास. आज ४२० च्या वर. हे आपलं मुद्दल. धुराचं चक्र कितीही सफाईदार फिरवलं तरी हा आकडा खाली येत नाही.

पण नवं-जुनं म्हणजे फसवणूक, असं मामांना म्हणायचं नव्हतं. ते स्वतः दरवर्षी तेच करतात. नवं-जुनं केल्याने सावकाराच्या दारात जावं लागत नाही, आणखी एक हंगाम मिळतो. वेळ मिळणं ही लहान गोष्ट नाही. जमिनीतून नवं तेल उपसण्याऐवजी तोच कार्बन पुन्हा वापरला तर कर्ज वाढायचं थांबतं. तेवढं खरंच होणार असेल तर ते मोलाचं आहे.

मग खटकतं ते काय? नवं-जुनं करणाऱ्या शेतकऱ्याला पक्कं माहीत असतं की कर्ज फिटलेलं नाही. बँकेच्या वहीत काहीही लिहिलेलं असो, रात्री झोपताना त्याच्या डोक्यात खरा आकडा असतो. पाऊस त्याच्या हातात नाही, उसाचा दर नाही, म्हणून तो हे करतो. कार्बनच्या कर्जदारांची गोष्ट उलटी आहे. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकन माणसामागे सुमारे १४ टन. आपल्याकडेही सरासरीच्या आड लपलेले, कितीतरी जास्त जाळणारे लोक आहेत आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही त्यांत असतील. ज्यांना पर्याय आहेत तेच वहीतली नोंद दाखवून कर्ज फिटलं म्हणतात. नवं-जुनं करणं चूक नाही. ते करून निल झाल्याचा दाखला मागणं चूक आहे.

एक उपास, दोघांच्या नावावर

हा दाखला कसा मागितला जातो ते एका उदाहरणाने बघू. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र घ्या, क्षमता २९२० मेगावॅट. उद्या अशा एखाद्या चिमणीतून कार्बन डायऑक्साइड पकडला, त्याचं इंधन केलं आणि ते विमानात जाळलं असं समजा. कार्बनचा तो अणू जमिनीतून एकदाच वर आला आणि दोनदा कामी आला. दोन अणू लागले असते तिथे एक पुरला, म्हणजे निम्मी बचत. यात कुणाची हरकत नाही.

पण ती निम्मी बचत कुणाची? वीजकेंद्र म्हणेल, आम्ही धूर पकडला, आम्ही स्वच्छ. विमान कंपनी म्हणेल, आम्ही धुरापासून केलेलं इंधन वापरलं, आम्ही स्वच्छ. उपास एकच आणि तो दोघांनी धरल्याचं सांगायचं. दोघांचा दावा मान्य केला तर हिशेबात दोन्ही अणू नाहीसे होतात. हवेत मात्र एक गेलेलाच असतो. हवा कुणाचं प्रसिद्धिपत्रक वाचत नाही.

आणि त्या चिमणीजवळ राहणाऱ्या माणसाचं काय? त्याच्या कौलांवर बसणारी राख, खाणीची धूळ, गरम पाणी सोडलेला नाला, यातलं काहीच कार्बनच्या हिशेबात येत नाही. चिमणीला धुराचं गिऱ्हाईक मिळालं तर ती आणखी वीस वर्षं चालवायला एक चांगलं निमित्त तेवढं मिळतं. जगाच्या दृष्टीने हे अर्धं प्रायश्चित्त असेल, त्याच्या दृष्टीने शिक्षेची मुदतवाढ.

कार्बन साखर कारखान्यातून घेतला तर? तिथे गोष्ट नक्कीच बरी आहे. मळी किंवा उसाचा रस आंबवून इथेनॉल करताना ९२ ग्रॅम इथेनॉलबरोबर ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे किलोला जवळजवळ किलो, आणि तो चिमणीतल्यासारखा मिसळीचा नसून बऱ्यापैकी शुद्ध. काही ठिकाणी तो सोडा-लिंबूसारख्या पेयांसाठी विकला जातो, उरलेला वर सोडून देतात. हा कार्बन जमिनीखालचा नाही. गेल्या वर्षी उसाने हवेतूनच घेतलेला. त्याचं इंधन झालं तर ते खरोखर चक्र होईल. पण त्या चक्रातही उसाला लागणारं पाणी आहे आणि बीडहून बिऱ्हाड घेऊन येणारा कोयता आहे. कार्बनचा रेणू निर्मळ असला म्हणून त्यामागची सगळी व्यवस्था निर्मळ ठरत नाही.

ज्यातून काही मिळत नाही ते

मग मुद्दल फेडायचं तर कसं? हवेतला कार्बन काढून परत न येईल अशा जागी ठेवायचा, हाच एक मार्ग. जंगलं काही प्रमाणात हे करतात. दुसरा मार्ग आइसलँडमध्ये चालू आहे. तिथल्या कार्बफिक्स प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टच्या खडकात खोल सोडतात. खडकातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमशी जोडला जाऊन त्याचा दगड होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. बेसॉल्ट आपल्याला परका नाही. सह्याद्री त्याचाच आहे, वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं आहे. दख्खनच्या या खडकात असं काही करता येईल का, यावर आपल्याकडेही अभ्यास झालेला आहे.

माझं लक्ष वेधून घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीने. धुराचं पेट्रोल म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. धुराचा दगड म्हटलं की चेहरे पडतात. दगड करून काय मिळणार? विकता येत नाही, जाळता येत नाही, गाडीत घालता येत नाही. खर्च मात्र आहे. म्हणजे आपल्याला भरपाई करायची आहे, पण अशी, जिच्यातून पुन्हा आपल्यालाच काहीतरी मिळेल.

कर्जफेडीचा अर्थ मात्र असा नसतो. घेतलेलं परत केल्यावर आपल्या हाती काही उरत नाही, म्हणूनच ती फेड असते. कुणाचं नुकसान केलं आणि भरपाई म्हणून स्वतःसाठीच नवी वस्तू आणली, तर त्याला भरपाई कुणी म्हणेल का? धुराचं इंधन उपयोगी असेल, हुशारीचं असेल, काही ठिकाणी गरजेचंही असेल. प्रायश्चित्त मात्र ते नव्हे. हे दोन शब्द एका खिशात ठेवले की गोंधळ होतो, आणि हा गोंधळ ज्यांच्या सोयीचा आहे ते तो मुद्दाम होऊ देतात.

मग संशोधन थांबवायचं का?

हा सगळा युक्तिवाद ऐकून माझ्या बरोबरीचे काही जण म्हणतात, मग या तंत्रावर कामच करू नये. सुटकेची आशा दाखवली की लोक सुधारत नाहीत. आशाच दाखवू नका.

मला हे पटत नाही. मधुमेह झालेला माणूस इन्सुलिन आहे म्हणून जिलेबी खाईल, या भीतीने कुठलाही डॉक्टर इन्सुलिन लपवून ठेवत नाही. ठेवला तर तो क्रूर ठरेल. शिवाय जिलेबी खाणारा एक आणि औषधावाचून मरणारा दुसराच, असं इथे होणार आहे. तापमानवाढीचा पहिला फटका ज्यांना बसतो त्यांनी ती घडवलेली नाही. उपाय अडवून ठेवला तर शिक्षा त्यांनाच.

पण डॉक्टर आणखी एक गोष्ट करत नाही. दहा वर्षांनी येऊ घातलेल्या औषधाच्या भरवशावर आज गोड खायला परवानगी देत नाही. फरक तिथे आहे. औषध शोधणं हे कर्तव्य आहे. न सापडलेलं औषध उशाला ठेवून पथ्य मोडणं ही बेजबाबदारी.

जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ मध्ये जबाबदारी या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा सार मी माझ्या शब्दांत असा सांगेन. आपल्या तंत्राचा हात आता आपल्या नजरेच्या पलीकडे पोचतो, न जन्मलेल्या माणसांपर्यंत. त्यामुळे जेव्हा चांगलं घडेल की वाईट हे ठाऊक नसतं, तेव्हा वाईट शक्यतेला जास्त वजन द्यावं. जुगार खेळायचा असेल तर स्वतःच्या पैशाने खेळावा. ज्यांना विचारलेलं नाही त्यांचं घर पणाला लावू नये.

धुराच्या इंधनावर हे नीट लागू पडतं. हे तंत्र स्वस्त होईल, मोठ्या प्रमाणावर चालेल असं मला वाटतं, नाहीतर मी त्यावर आयुष्यातली वर्षं घातली नसती. पण ती माझी पैज आहे आणि त्यात माझी वर्षं लागलेली आहेत. हरले तर माझं करिअर जाईल. तीच पैज एखाद्या उद्योगाने किंवा सरकारने लावली, तिच्या जोरावर आज दहा नवे बॉयलर पेटवले आणि ती हरली, तर जाणार ते दुसऱ्याचं. २०७० सालच्या उन्हात उघड्यावर काम करणाऱ्या कुणाचं तरी. त्याच्या वतीने माफ करायचा अधिकार आज कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. माफी देण्याचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याचाच असतो, आणि तो अजून जन्मायचा आहे.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं आहे. नुकसान भरून काढण्याचा मार्ग दिसू लागला म्हणून ते नुकसान करणं कमी चुकीचं होत नाही. तो मार्ग चालून पूर्ण झाला, प्रत्यक्ष भरपाई झाली, तर झालेलं नुकसान कमी होतं. या दोन वाक्यांतलं अंतर काळाचं आहे, आणि सगळी लबाडी त्या काळातच होते. आधी पत भोगायची आणि मग पैसे भरायचे, की आधी भरायचे आणि मग पत मागायची, एवढाच हा वाद आहे.

पुढच्या वेळी ती बातमी तुमच्या फोनवर आली, आणि ती येणारच आहे, तर तिला तीन प्रश्न विचारून बघा. यातला कार्बन आला कुठून, जमिनीतून की हवेतून? वीज आली कुठून, आणि ती इथे वापरली नसती तर कुणाच्या कामी आली असती? आणि हे इंधन कशाच्या जागी जळणार आहे, तेल खरंच जमिनीत राहणार आहे की हे त्याच्या जोडीला येणार आहे? तीनही उत्तरं समाधानकारक असतील तर मोकळ्या मनाने खूश व्हा. मीही होईन.

प्रयोगशाळेत आम्ही एक आकडा रोज काढतो. घातलेल्या विजेपैकी किती टक्के वीज हव्या त्या पदार्थात गेली आणि किती हायड्रोजनमध्ये वाया गेली, याचा ताळा. बेरीज शंभर आली नाही तर मोजण्यात काहीतरी सुटलंय असं धरून आम्ही पुन्हा मोजतो. शंभराच्या वर गेली तरीही. जास्त आलेला आकडा कितीही आवडता असला तरी तो वहीत तसाच लिहून पुढे जायचं नाही, हे पहिल्याच महिन्यात शिकवलं जातं. धुराच्या जमाखर्चाकडून माझी याहून मोठी अपेक्षा नाही.